लघवीच्या तक्रारींवर कृत्रिम लघु-पेप्टाइड: पुरावा नेमका कशाला आहे?

सांजवेळ

ज्येष्ठ नागरिक संघासाठी रात्रीच्या लघवीवर चार पानी माहितीपत्रक करतोय. सदस्य ६५ ते ८५ वयाचे. सध्या त्यांच्या फोनवर तीन गोष्टींचा मजकूर फिरतोय आणि तिन्हींना सरसकट 'पेप्टाइड' (अमिनो आम्लांची छोटी साखळी) म्हटलं जातंय: मूत्राशय आणि प्रोस्टेटसाठीच्या रशियन 'बायोरेग्युलेटर' कॅप्सूल, बीपीसी-१५७ च्या कुप्या आणि डेस्मोप्रेसिनच्या गोळ्या.

विचारायचं आहे ते असं. यातलं माणसांवर नीट तपासलेलं काय? तीन-चार अमिनो आम्लांचा तुकडा तोंडाने घेतला तर तो पोटातून पुढे शाबूत जातो का? आणि कुठलाही उपाय सुरू करण्याआधी घरच्या घरी काय मोजून ठेवावं, म्हणजे डॉक्टरांकडे गेल्यावर पहिली भेट वाया जाणार नाही? पत्रकात अंदाजपंचे काही छापायचं नाही, म्हणून आकड्यांसकट उत्तरं हवीत.

वेखंड

तिन्ही वेगळ्या करून लिहा, कारण त्यांचं रसायनही वेगळं आणि पुराव्याची पातळीही वेगळी.

आधी डेस्मोप्रेसिन. आपल्या शरीरातलं व्हॅसोप्रेसिन हे ९ अमिनो आम्लांचं संप्रेरक. १९६७ मध्ये प्रागच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यात दोनच बदल केले: पहिल्या सिस्टीनवरचा अमिनो गट काढला आणि आठव्या जागी साध्या आर्जिनिनऐवजी त्याचं आरशातलं रूप, डी-आर्जिनिन, बसवलं. पहिल्या बदलामुळे टोकाकडून कुरतडणाऱ्या विकरांना पकड मिळत नाही, दुसऱ्यामुळे ट्रिप्सिनला, म्हणजे आतड्यात प्रथिनं कापणाऱ्या विकराला, तिथे काप घेता येत नाही. शिवाय रक्तवाहिन्या आवळण्याचा गुण जवळपास गेला आणि पाणी राखण्याचा तेवढा उरला.

एवढं मजबूत करूनही गोळीतून रक्तात पोचतं किती, तर ०.०८ ते ०.१६ टक्के. म्हणजे १०० मायक्रोग्रॅमच्या गोळीतलं फार तर ०.१६ मायक्रोग्रॅम. जिभेखाली विरघळणाऱ्या गोळीतून साधारण ०.२५ टक्के. अगदी अल्प मात्रेत काम करणारं संप्रेरक आहे म्हणून भागतं. तोंडाने घ्यायच्या कुठल्याही पेप्टाइडचा दावा ऐकला की हा आकडा आठवावा.

आता रशियन तुकडे. हे काम मुख्यतः व्लादिमीर खाविन्सन यांचं, सेंट पीटर्सबर्गच्या बायोरेग्युलेशन आणि वार्धक्यशास्त्र संस्थेतलं. ते २०२४ मध्ये वारले. सुरुवात प्राण्यांच्या अवयवांच्या अर्कांपासून झाली, पुढे त्यातले छोटे क्रम प्रयोगशाळेत जोडायला लागले. लायसिन, ग्लुटामिक आम्ल आणि ॲस्पार्टिक आम्ल हा तीन मण्यांचा तुकडा रक्तवाहिन्यांसाठी. त्यालाच पुढे प्रोलीन जोडलं की प्रोस्टेटसाठी. हे तुकडे थेट पेशीकेंद्रात जाऊन डीएनएला चिकटतात आणि जनुकांचं काम बदलतात, असं त्यांचं प्रतिपादन. बहुतेक प्रयोग पेशीसंवर्धनातले आणि प्राण्यांवरचे, आणि बहुतेक त्याच संस्थेच्या वर्तुळातून आलेले. म्हाताऱ्या माणसांच्या लघवीच्या तक्रारींवर दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे केलेली, साखरेच्या गोळीशी (दिसायला तशीच, पण औषध नसलेली) तुलना केलेली मोठी चाचणी दाखवा म्हटलं की विक्रेत्याच्या पानावर काही नसतं.

पोटाचा प्रश्न: लहान आतड्यात दोन आणि तीन अमिनो आम्लांचे तुकडे आत ओढून घेणारा वाहक असतो, पेप-टी-१ नावाचा. म्हणून 'तीनचा तुकडा शोषला जातो' हे वाक्य अर्धं खरं आहे. पण आतड्याच्या पेशीत शिरल्या शिरल्या तिथली विकरं त्याची बहुतांशी सुटी अमिनो आम्लं करतात. तुरीच्या वरणातलं प्रथिन पचतानाही असेच तुकडे बनतात आणि त्याच वाटेने जातात. चारचा तुकडा तर हा वाहक उचलतच नाही. मूत्राशयापर्यंत क्रम शाबूत पोचला, हे ज्याने मोजून दाखवलंय त्याचंच म्हणणं पुढे ऐकायचं.

एक गोष्ट ठळक छापा. 'मूत्राशयासाठी' म्हणून विकली जाणारी सगळीच कॅप्सूल कृत्रिम नसते. काहींत वासराच्या मूत्राशयाचा अर्क असतो. शाकाहारी घरात ते न वाचता घेतलं जातं.

मोजमाप

घरी काय मोजायचं, एवढ्यावरच लिहिते.

३ दिवस आणि ३ रात्री, सलग असतील तर उत्तम, लघवीची नोंदवही ठेवायची. लागतं काय? १० किंवा २० मिलिलिटरच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग (औषधाच्या दुकानात मिळतो), पेन, आणि संडासाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद. खोलीत टेबलावर ठेवलेली वही भरली जात नाही, दारावरचा कागद भरला जातो. प्रत्येक वेळी तीन गोष्टी: वेळ, किती मिलिलिटर, आणि घाई कितपत. पाणी, चहा, ताक, आमटी, पेज, कलिंगड हे सगळं 'आत गेलेलं' म्हणून वेगळ्या रकान्यात.

चूक होते ती रात्रीच्या बेरजेत. झोपण्याआधी केलेली शेवटची लघवी रात्रीत धरायची नाही. सकाळी उठल्यावरची पहिली मात्र रात्रीतच धरायची, कारण ती रात्रभरात साठलेली असते. बहुतेक लोक नेमकं उलट करतात आणि आकडा फसतो.

उदाहरण घ्या. १०:३० ला लघवी करून झोपले. १२:४५ ला २८०, २:३० ला ३१०, ४:१५ ला ३००, सकाळी ६ ला ३५०. रात्रीची बेरीज १२४०. पूर्ण २४ तासांची २१५०. म्हणजे ५७ टक्क्यांहून जास्त लघवी रात्री झाली. ६५ च्या पुढे हे प्रमाण ३३ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर त्याला रात्रीची अतिमूत्रता म्हणतात. इथे मूत्राशय ठणठणीत आहे, एका वेळी ३०० धरतंय. मूत्रपिंडं रात्री जास्त पाणी सोडताहेत.

दुसरा माणूस रात्री चारदा उठतो, पण आकडे ९०, ८०, ११०, ७० आणि सकाळी १२०. बेरीज ४७०, दिवसभराची १५००. प्रमाण ३१ टक्के. तक्रार तीच, आजार वेगळा: मूत्राशयात मावत नाही किंवा ते नीट रिकामं होत नाही. याला सोनोग्राफी हवी, लघवी केल्यानंतर आत किती उरते ते बघायला. डेस्मोप्रेसिनचा याला उपयोग नाही.

तिसरी शक्यता: २४ तासांचीच लघवी वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिलिटरच्या वर. ६० किलोच्या माणसाला २४००. मग आधी साखर तपासा आणि पाणी किती पितात ते विचारा.

पाणवठा

वरच्या दोन्ही प्रतिसादांना अनुमोदन. मी सोडियमबद्दल लिहितो, कारण डेस्मोप्रेसिन बिघडतं ते तिथेच.

हे औषध मूत्राशयाला हातही लावत नाही. मूत्रपिंडाच्या शेवटच्या नळ्यांत पाण्याची दारं उघडतं, पाणी रक्तात परत घेतलं जातं आणि लघवी कमी बनते. वयानुसार रात्रीचं स्वतःचं व्हॅसोप्रेसिन पुरेसं वाढत नाही, ती उणीव ते भरून काढतं. पण पाणी राहिलं आणि वरून आणखी प्यायलं गेलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. सामान्य पातळी १३५ ते १४५ (मिलिमोल प्रति लिटर). ती १३० च्या खाली आली की गोळी बंद. १२५ च्या आसपास डोकेदुखी, मळमळ, तोल जाणं, असंबद्ध बोलणं सुरू होतं. त्याहून खाली झटका येऊ शकतो. 'आजोबा दोन दिवस गप्प गप्प आहेत, नीट बोलत नाहीत' हे वयाच्या नावावर खपवू नये. त्याच दिवशी सोडियम तपासायचं.

अमेरिकेत रात्रीच्या अतिमूत्रतेसाठी २०१७ मध्ये नाकातला फवारा आणि २०१८ मध्ये जिभेखालची गोळी मंजूर झाली. दोन्हींना सोडियमचा चौकटीतला, म्हणजे सगळ्यात कडक, इशारा लावूनच मंजुरी मिळाली. गोळीची मात्रा बायकांना २५ मायक्रोग्रॅम, पुरुषांना ५०. बायकांना अर्धी का? पेशीवरच्या ज्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) औषध बसतं त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, आणि बायकांचं मूत्रपिंड या औषधाला जास्त जोरात प्रतिसाद देतं. नवरा-बायकोने एकाच पाकिटातली गोळी घेणं म्हणूनच धोक्याचं.

रक्त तपासायचे दिवस: सुरू करण्याआधी, ७ दिवसांच्या आत, मग साधारण महिन्याने. ६५ च्या पुढे त्याहून जास्त वेळा. मात्रा वाढवली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

कुणाला द्यायचीच नाही: हृदय कमजोर असलेले, ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) ५० च्या खाली, आधीच सोडियम कमी, फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढवणारी गोळी चालू, स्टेरॉइड चालू. दम्याचा स्टेरॉइडचा पंपही यात येतो, आणि तो कुणी 'औषध' म्हणून सांगत नाही. मुद्दाम विचारावं लागतं. क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड असलेली रक्तदाबाची गोळी, नैराश्यावरची एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन, फिटसाठी कार्बामाझेपिन, गुडघेदुखीवर नेहमीची डायक्लोफिनॅक, यांच्या जोडीने सोडियम लवकर घसरतं. ताप, उलट्या किंवा जुलाब असतील त्या दिवशी गोळी घ्यायची नाही आणि डॉक्टरांना कळवायचं.

पाण्याचा नियम: गोळीच्या १ तास आधीपासून पुढे ८ तास पाणी कमीत कमी. रात्री १० ला गोळी असेल तर ९ ते सकाळी ६. आपल्याकडे पहाटे ५ ला उठून तांब्याभर पाणी पिण्याची सवय घराघरात आहे, आणि ते पाणी नेमकं या ८ तासांत येतं. पत्रकात हे वाक्य असंच छापा: गोळी चालू असताना तांब्याचं पाणी ६ नंतर.

अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या बिअर्स यादीत २०१५ पासून वृद्धांना रात्रीच्या लघवीसाठी हे औषध टाळा असंच म्हटलंय. म्हणजे हा पहिला उपाय नाही.

सांजवेळ

मोठी मदत झाली. तीन उपप्रश्न. एक, दुकानात ०.१ मिलिग्रॅमची साधी गोळी मिळते. तिचे तुकडे करून २५ मायक्रोग्रॅम करता येतील का? दोन, एवढी काळजी घेऊन फायदा होतो तरी किती? तीन, बीपीसी-१५७ विकणारे '९९ टक्के शुद्ध' असं प्रमाणपत्र दाखवतात, त्याचा अर्थ काय?

वेखंड

पहिला: नाही. ०.१ मिलिग्रॅम म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, पण गिळायच्या गोळीचे. जिभेखालच्या ६० च्या गोळीइतकाच तिचा परिणाम धरतात. म्हणजे दोन प्रकारांतले आकडे सरळ एकास एक लावताच येत नाहीत. त्यात ही गोळी एवढीशी, चौथाई तुकडे कधीच सारखे पडत नाहीत, आणि हे औषध मायक्रोग्रॅमच्या फरकाने सोडियम हलवतं. जिभेखालची गोळी कोरड्या हाताने काढून, पाण्याशिवाय जिभेखाली ठेवायची. पुठ्ठ्यातून दाबून बाहेर ढकलली की ती भुगा होते. मागचा पापुद्रा सोलून काढायचा असतो. चिठ्ठीवर मात्रा लिहिताना 'मायक्रोग्रॅम' हा शब्द अक्षरात लिहून घ्या. 'मिग्रॅ' आणि 'मायग्रॅ' यात हस्ताक्षराने घोटाळा होतो.

तिसऱ्यासाठी थोडं विस्ताराने. बीपीसी-१५७ हा १५ अमिनो आम्लांचा क्रम, झाग्रेबमधल्या संशोधकांचा. खोकताना लघवी सुटणं या तक्रारीचा नमुना उंदरांत तयार करून त्यावर तिथे २०१३ मध्ये प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांच्या मूत्राशयावर जे छापलं गेलं ते २०२४ मधलं, १२ बायकांवरचं, आणि तेही मूत्राशयाच्या जुनाट दुखण्यासाठी. दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत १० मिलिग्रॅम टोचलं होतं. बहुतेकींना आराम पडल्याचं लिहिलंय, पण तुलनेचा गट नव्हता, आणि मूत्राशयात दुर्बीण घालण्यानेच काही दिवस बरं वाटतं असा या आजारात अनुभव आहे. पोटाच्या कातडीखाली टोचून रात्रीची लघवी कमी होते, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. भारतात हे औषध म्हणून मंजूर नाही. कुपीवर 'फक्त संशोधनासाठी' असं बारीक अक्षरात असतं, आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून खेळाडूंना ते वर्ज्य केलंय.

आता ते प्रमाणपत्र. कुपीच्या तळाशी पांढरी, पापडासारखी चकती असते. '९९ टक्के' हा आकडा द्रवरूप क्रोमॅटोग्राफीतल्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीतल्या, आलेखाचा. आलेखावर जे जे दिसलं, त्यातलं ९९ टक्के हे एक शिखर, एवढाच त्याचा अर्थ. क्षार, बनवताना वापरलेलं आणि मागे राहिलेलं ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्ल आणि ओलावा त्या आलेखात दिसतच नाहीत. म्हणून ५ मिलिग्रॅम लिहिलेल्या चकतीत निव्वळ पेप्टाइड त्याहून कमी असतं. रेणूच्या वस्तुमानाचा दुसरा कागद जोडलेला असेल तर १४१९.५ च्या आसपास आकडा हवा. या क्रमात तीन प्रोलीन ओळीने येतात. जोडणीत त्यातला एखादा गळणं ही नेहमीची चूक, आणि मग आकडा ९७ ने कमी येतो. पण आकडा बरोबर आला तरी मणी त्याच क्रमाने ओवलेत हे त्याने सिद्ध होत नाही.

टोचून घेण्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची चाचणी त्या कागदावर बहुधा नसतेच: जंतूंच्या आवरणातलं विष, एंडोटॉक्सिन. ते ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही पार होतं. थंडी वाजून ताप भरतो तो त्याने. लघवीच्या जंतुसंसर्गाने जर्जर झालेल्या ८० वर्षांच्या माणसाला तसला ताप आला तर कारण शोधताना डॉक्टरही चकतील.

पाणवठा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. मोठ्या चाचण्यांत पुरुषांना ५० मायक्रोग्रॅमने रात्रीच्या फेऱ्या सरासरी १.२५ ने कमी झाल्या. साखरेच्या गोळीनेही ०.८८ ने झाल्या. निव्वळ फरक ०.३७. बायकांमध्ये ०.२२. आकडा छोटा आहे, पण मी तो नगण्य म्हणणार नाही. झोप लागल्यापासून पहिल्यांदा उठेपर्यंतचा वेळ साखरेच्या गोळीच्या तुलनेत पुरुषांत ३९ मिनिटांनी आणि बायकांत ४९ मिनिटांनी वाढला. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागातच असतो. ज्याच्या नोंदवहीत रात्रीची अतिमूत्रता स्पष्ट दिसते, सोडियम १३८-१४० आहे, घरात पाण्यावर लक्ष ठेवणारं कुणी आहे, त्याला त्या पाऊण तासाचं मोल कळतं. एकटं राहणाऱ्या, विसरभोळ्या माणसाला मी ही गोळी देणार नाही.

मोजमाप

त्या ०.३७ शेजारी हा आकडा ठेवा. जपानमध्ये नागासाकीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ज्यांनी रोजचं मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलं, त्यांच्या रात्रीच्या फेऱ्या २.३ वरून १.४ वर आल्या. तिथे साखरेच्या गोळीचा तुलनागट नव्हता, म्हणून दोन्ही आकडे एका तराजूत घालता येत नाहीत. पण २.७ ग्रॅम मीठ म्हणजे जेमतेम अर्धा चमचा. रात्रीच्या ताटातलं लोणचं, पापड आणि वरून घेतलेलं मीठ काढलं तर त्यातलं बरंच सुटतं, आणि रक्ततपासणी लागत नाही.

संध्याकाळी पाय सुजतात का ते बघा: नडगीच्या हाडावर अंगठा १० सेकंद दाबून धरायचा, खळगा राहिला तर पाणी साठलंय. आडवं झालं की हेच पाणी रक्तात परत येतं आणि मध्यरात्री लघवी होऊन बाहेर पडतं. दुपारी ३ ते ५ मध्ये तासभर पाय उशीवर, छातीपेक्षा उंच, ठेवून पडलं तर ते पाणी दिवसाच निघून जातं. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनने पाय सुजत असतील तर डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. फ्युरोसेमाइड रात्री चालू असेल तर दुपारी, झोपेच्या साधारण ६ तास आधी, घेता येईल का ते विचारायचं. स्वतःहून वेळ बदलायची नाही.

घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर तेही लिहा. त्या अडकण्याने हृदयावर ताण येऊन पाणी बाहेर टाकणारं संप्रेरक सुटतं, आणि माणसाला वाटतं आपल्याला लघवीने जाग आली.

सांजवेळ

मग पत्रकाचं पहिलं पान नोंदवहीच्या तक्त्यालाच देतो. डेस्मोप्रेसिन तिसऱ्या पानावर, सोडियमच्या चौकटीसह. कुप्या आणि कॅप्सूल चौथ्यावर.

पाणवठा

चौथ्या पानावर एक ओळ वाढवा: लघवीतून रक्त गेलं, दुखलं नसलं तरीही, आणि एकदाच गेलं असलं तरीही, कुठलंही पेप्टाइड, काढा किंवा कॅप्सूल न घेता आधी युरॉलॉजिस्टकडे. मूत्राशयाच्या कर्करोगाची सुरुवात अशीच न दुखता होते. बीपीसी-१५७ प्राण्यांत नव्या रक्तवाहिन्या वाढवतं असं त्याचे संशोधकच लिहितात. गाठीलाही वाढायला रक्तवाहिन्याच लागतात.

मोजमाप

आणि तक्त्यात 'अंथरुणावर पडल्याची वेळ' आणि 'दिवा मालवल्याची वेळ' असे दोन रकाने ठेवा. बरेच जण ९ ला आडवे होऊन ११ पर्यंत मालिका बघतात. त्या दोन तासांतली लघवी दिवसाच्या बेरजेत घालायची आहे. एकच रकाना ठेवला तर ती रात्रीत जाते आणि ३० चे ४० टक्के होतात.